कलपाची वाटी

चाळीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला. गिऱ्हाईक डोळे मिटून मान वर करतं आणि आपण नेमके त्याच्या नरड्याशी उभे असतो. लोक विचारतात, हात कधी थरथरला नाही का? नाही थरथरला. वस्तरा काय करू शकतो ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याला मी भ्यालो नाही. भ्यालो ते एका चिनीमातीच्या वाटीला. ठाण्यातल्या आमच्या दुकानात आरशाखालच्या फळीवर ती उपडी घातलेली असायची. तिच्यात मी कलप कालवायचो.

संपादकांनी मला दुकानातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेतच. कोर्टातले एक वकील अशील नवा असला की केस काळे करून घ्यायचे आणि न्यायाधीश नवा आला की महिनाभर पांढरे राहू द्यायचे. कल्याणचे एक बिजवर मुलगी बघायला निघाले, तेव्हा मी त्यांचं डोकं आणि मिशी झकास काळी केली, पण भुवया विसरलो. मुलीकडच्यांनी पोहे दिले, होकार दिला नाही. डोंबिवलीचे एक कारकून तर कलप लावायला मुद्दाम ठाण्यापर्यंत यायचे, कारण डोंबिवलीच्या न्हाव्याची बायको त्यांच्या बायकोची मैत्रीण होती. असं पुष्कळ सांगता येईल. पण लिहायला बसलो की या सगळ्यांना बाजूला सारून तुकाराम भोईरच खुर्चीत येऊन बसतो, तेव्हा त्याचंच सांगतो.

त्याआधी ज्यांनी कलप कधी लावला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जुना कलप मेंदीचा आणि निळीच्या पाल्याचा. आधी मेंदी, मग नीळ. अर्धा दिवस डोक्याला फडकं बांधून बसायचं, आणि एवढं करून रंग कधी जांभळट तर कधी हिरवट यायचा. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईहून पुडीतला कलप येऊ लागला. पूड आणि बाटलीतलं औषधी पाणी वाटीत कालवलं की आधी तपकिरी दिसायचं, मग बघता बघता काळं व्हायचं. ते जुन्या दातांच्या ब्रशने मुळापासून लावायचं, अर्ध्या तासाने धुवायचं. कपाळावर डाग पडलाच तर सिगरेटची राख ओली करून चोळायची.

पुडीबरोबर इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी यायची. माझ्याकडे दाढीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी ती मला वाचून दाखवली होती. कलप लावायच्या आदल्या दिवशी कानामागे एक ठिपका लावा आणि तो धुऊ नका, असं तिच्यात होतं. दुसऱ्या दिवशी तिथे खाज, लाली किंवा फोड दिसला तर त्या माणसाला कलप लावू नका. हे दर खेपेला करा, असंही लिहिलेलं होतं, आणि मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं होतं. मी ठिपका नव्या गिऱ्हाइकालाच लावायचो. ज्याला पाच वर्षं सोसलं त्याला आज काय होणार, असा माझा हिशेब. आमच्या धंद्यात बहुतेकांचा तोच होता.

तुकाराम बाळकुमचा. बाप मिठागरावर राबलेला, हाही लहानपणी तिथेच. पुढे एका गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला लागला. माझ्याकडे तो पहिल्यांदा आला अठ्ठेचाळीसच्या सुमाराला. खांदे बैलासारखे, चालणं तरुणाचं, पण डोकं आणि मिशी पांढरीशुभ्र. मी वय विचारलं तर म्हणाला, "मना काय ठावं शेट. मानमोडीत मी धा वर्सांचा व्हतो असा बापूस बोलतो." मानमोडी म्हणजे पहिलं महायुद्ध संपताना आलेली तापाची साथ. म्हणजे हा चाळिशीचा. त्यांच्या घराण्यातच केस तिशीत पिकायचे.

मी म्हटलं, "सांभाळ बाबा. गिरणीतले साहेब लोक वय कागदावर बघत नाहीत, डोक्यावर बघतात. माणसं कमी करायची झाली की पांढरी डोकी आधी बाहेर."

गिरणीतलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. नवा कलप आणला होता, तो खपायला हवा होता, आणि साबण लावता लावता न्हाव्याचं तोंड चालतं तसं माझं चाललं. तुकाराम आरशात बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "लावा."

तेव्हापासून सात वर्षं तो दर तिसऱ्या आठवड्याला यायचा. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, न चुकता. एकदा पावसात रस्ता बुडाला होता तर गुडघाभर पाण्यातून आला. पांढरी मुळं दिसायला लागली की त्याला चैन पडत नसे. बॉयलरवर इतर जण उघड्या डोक्याने काम करायचे, हा मात्र तिसऱ्या आठवड्यात डोक्याला फडकं बांधूनच असायचा. मला तेव्हा याचं हसू यायचं.

पंचावन्न साली गिरणीच्या फाटकावर खरोखरच सूचना लागली. पंचावन्न वर्षांवरच्यांना घरी बसवणार होते. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही त्याचं वय गिरणीचा डॉक्टर तपासून ठरवणार, आणि डॉक्टर दोन महिन्यांनी येणार. तुकारामपाशी दाखला कुठला असणार? घरी बायको, तीन मुलं आणि म्हातारा बाप. नोकरी गेली तर परत मिठागरावर त्याला कोणी उभं करणार नव्हतं, तिथे पोरांची भरती झाली होती. मी पूर्वी जे सहज बोलून गेलो होतो ते आता फाटकावर टांगलेलं होतं, आणि तुकाराम मला म्हणाला, "तुमी बरूबर बोलला व्हतात शेट." मला तोंड वर करवेना.

नेमकं त्याच दिवसांत त्याचं डोकं खाजू लागलं. पहिल्यांदा त्याने सांगितलंच नाही. दुसऱ्या खेपेनंतर तो आला तेव्हा पापण्या सुजलेल्या होत्या आणि कानांच्या पाळ्यांवर खपल्या. मी घाबरलो. म्हटलं, "तुकाराम, हे आता बंद. हे तुझ्या अंगाला मानवत नाही."

"डाक्तर येऊन जाऊ दे. मंग बंद करू."

"तोवर काही भलतंच झालं म्हणजे?"

"आनि नोकरी गेली म्हंजे? मी आता पांढरा कसा जाऊ? कालपरयंत समद्यांनी मना काला बघलाय. आता पांढरा दिसलो तर बोलतील, हा सात वर्सं चोरी करत व्हता."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. पहिल्यापासून पांढरा राहिला असता तर तो नुसता पांढऱ्या केसांचा माणूस होता. आता कलप सोडला तर लबाड ठरणार, आणि लावला तर काय होईल ते देव जाणे. शेवटी मी म्हटलं, "ठिपका लावतो. उद्या दाखव. कातडी साफ असली तरच लावीन." त्याच्या उजव्या कानामागे मी मुगाच्या दाण्याएवढा ठिपका लावला आणि धुऊ नकोस म्हणून चारदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी कान पुढे वाकवून, उजेडाकडे धरून पाहिलं. लाली नाही, फोड नाही. कातडी अगदी स्वच्छ. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी वाटी घेतली आणि कलप कालवला.

वाचकहो, इथे मी काय चुकलो ते सांगतो. कलपाचा ठिपका कातडीवर दोन दिवस तरी काळा राहतो. घासला तरी सहज जात नाही, म्हणून तर राख चोळावी लागते. कानामागे साफ कातडी दिसली याचा अर्थ ठिपका लावल्या लावल्या कोणीतरी पुसला होता. दुकानात नुसता झाडू मारणाऱ्यालाही हे कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला साफ कातडीच बघायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर पायरीवर एक म्हातारा बसलेला. कमरेला पंचा, पाय अनवाणी, केस कापसासारखे. बाळकुमहून चालत आला होता. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण कपाळ आणि खांदे बघून ओळखलं. तो तुकारामचा बाप, जोमा.

"तू न्हावी ना?" तो म्हणाला. "चल. पोराचे डोले मिटलेत."

टांग्यात तो माझ्याशेजारी बसला होता. माझ्या मनात तुकाराम मेला तर, हा एकच विचार. मग पोलीस येतील का, दुकान बंद करतील का, जातीतले लोक काय म्हणतील. मग पुन्हा तुकाराम मेला तर. आपल्याला माणसापेक्षा दुकान आधी आठवलं याची लाज वाटली आणि तरीही दुकान आठवतच राहिलं. म्हातारा मला एक शब्दही लावून बोलला नाही, त्यामुळे तर जास्तच भीती वाटत होती.

घरात तुकाराम भिंतीला टेकून बसला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. कपाळ भाकरीसारखं फुगलेलं, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, आणि काळ्याभोर केसांतून पिवळं पाणी कपाळावर ओघळत होतं. बायको ओल्या फडक्याने ते टिपत होती. माझा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

"शेट, ठिपका मी पुसला. तुमच्या नाक्यावरच्या नलावर. लगेच खाजाय लागला व्हता."

मी खाली बसलो. त्याच्यावर रागवावं असं मनातसुद्धा आलं नाही.

त्याच टांग्यातून आम्ही त्याला ठाण्यात माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी सुई दिली, डोकं धुऊन मलम लावलं आणि मला बाहेर बोलावलं. त्यांनी सांगितलं की असं वर्षानुवर्षं सोसत असलेल्या माणसालाही एक दिवस अचानक होतं, आणि एकदा झालं की दर खेपेला वाढत जातं. "या वेळी डोळ्यांवर निभावलं. पुढच्या वेळी सूज गळ्यात उतरेल. यापुढे याला एक थेंब लावायचा नाही. लावलास तर माझ्याकडे आणूही नकोस, मला काही करता यायचं नाही."

आठवडाभराने डोळे उघडले. डोक्याची साल निघाली. गिरणीच्या डॉक्टरला यायला अकरा दिवस उरले होते आणि तुकारामच्या भांगात पांढरी रेघ दिसायला लागली होती.

मी त्याच्या घरी गेलो. विचार करकरून मला एक तोड सुचली होती आणि मी तिच्यावर खूश होतो. म्हटलं, "डोकं आणि मिशी, दोन्ही सफाचट करून टाकू. डोक्यावर केसच नसले तर ते पांढरे की काळे ते कोण सांगणार?"

बायको उठून आत गेली. मग मला उमगलं आपण काय बोललो ते. आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, डोकं आणि मिशी एकदम उतरते ती बाप गेल्यावर, दहाव्या दिवशी. ते काम आम्हीच करतो. आणि तुकारामचा बाप दारात बसून विडी ओढत होता.

जोमानेच तोंड उघडलं. "उतरव. तुजे मिशीनं मी काय मरत नाय."

"नाय बा," तुकाराम म्हणाला.

"नोकरी ऱ्हायली पायजे. माजा काय, आज ना उद्या."

"नाय म्हनलं ना. गिरनीत इचारतील, बापूस कवा गेला? काय सांगू? जित्ता हाय म्हनून सांगू?" त्याने बापाकडे पाहिलं. "आनि मना भ्या वाटतं. मिशी उतरली आनि तू खराच गेलास तर?"

म्हाताऱ्याने विडी जमिनीवर विझवली आणि तो खाडीकडे बघत बसला. कलप म्हणजे मरण, वस्तरा म्हणजे बापाचं मरण, आणि केस आहेत तसे ठेवले तर घरी बसणं. तीन वाटा होत्या आणि तिन्हींच्या तोंडाशी मी उभा होतो. मला ते सहन होईना.

"तुकाराम," मी म्हटलं, "साहेब लोक डोकं बघतात हे तेव्हा मी उगाच बोललो होतो. मला काही माहीत नव्हतं. कलप खपवायचा होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांखालची कातडी अजून लाल होती. मला वाटलं आता हा उठून मला मारणार, आणि मारावं असंच वाटत होतं.

"तुमी नसता बोलला तरी मी लावलाच असता," तो म्हणाला. "मना लई आधीपासून भ्या व्हता." हे त्याने खरं सांगितलं की माझी समजूत घालायला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग तो बापाकडे वळून म्हणाला, "मी पांढराच जानार. बोलूं दे काय बोलतील ते."

तपासणीच्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. मी कलपाला हात लावला नाही, फक्त कात्री घेतली. वरचे सगळे काळे केस कापले आणि बोटाच्या पेरापेक्षाही बारीक असे पांढरे खुंट तेवढे ठेवले. मिशीचंही तसंच केलं. काळे केस खुर्चीभोवती पडत होते आणि आरशात हळूहळू जोमा दिसायला लागला. तुकारामने डोळे मिटून घेतले. झालं म्हटल्यावरही उघडले नाहीत, तसाच उठला आणि दाराकडे तोंड करून मग उघडले.

गिरणीच्या फाटकापर्यंत त्याच्याबरोबर जोमा गेला आणि दुकानाला कुलूप घालून मीही गेलो. रांगेतल्या माणसांनी तुकारामला पाहिलं. कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "काय रं, आठ दिसांत म्हातारा झालास?" तुकाराम खाली बघत आत गेला. बाहेर आम्ही दोघं भिंतीच्या सावलीत बसलो. जोमाने विडी काढली आणि न पेटवताच हातात धरून ठेवली.

दोन तासांनी आतून एक शिपाई आला आणि भोईरचा बाप कोण म्हणून विचारू लागला. जोमा गेला, त्याला धरायला मी. डॉक्टर तरुण होता. त्याने तुकारामचे दात बघितले होते, छाती ठोकली होती, डोळे तपासले होते, पोतं उचलायला लावलं होतं. केसांबद्दल एवढंच विचारलं होतं की घरात आणखी कोणाचे असे लवकर पिकले? तुकारामने बाहेर बापूस बसलाय म्हणून सांगितलं होतं.

"बाबा, हा कधी जन्मला?" डॉक्टरने विचारलं.

जोमा म्हणाला, "मानमोडीत याचे आयसला उचलली, तवा हा माजे कमरेला लागत व्हता." आणि त्याने हात आपल्या कमरेशी धरला, जणू पोर अजून तिथेच उभं होतं.

डॉक्टरने त्या हाताकडे पाहिलं. "कमरेवरून वय लिहिता येत नाही हो बाबा," असं म्हणाला, पण मायेने बोलला. मग कागदावर त्याने लिहिलं, अंदाजे पन्नास.

खरं सत्तेचाळीस. पण कोणी साठीचा ठरवला नव्हता. फाटकाबाहेर आल्यावर तुकाराम हिशेब करत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तीन वर्सं गेली. डोले ऱ्हायले." मग बापाचा हात धरून तो बाळकुमच्या रस्त्याला लागला.

त्या आठवड्यात मी स्वतःचा कलपही सोडला. दुकानाची जाहिरात म्हणून मी तो लावत असे. महिन्याभरात माझी कानशिलं पांढरी दिसू लागली, तसे वकीलसाहेब म्हणाले, "दत्तोबा, दिवाळं काढणार का?" आणि खरंच, कलपाची निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. वाटी मी फळीच्या मागे ढकलून दिली. फेकून का दिली नाही, असं कोणी विचारेल. धंदा होता, एवढंच उत्तर आहे.

दिवाळीनंतर तुकाराम केस कापायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर गिरणीतला एक माणूस होता. तो ठाकुर्लीकडे राहायचा. अंगाने शेलाटा, गप्प, डोकं अर्धं पांढरं. तपासणीला तो आजारी होता, त्यामुळे त्याची पाळी आता यायची होती.

तुकाराम म्हणाला, "शेट, याला कलप लावा."

मला वाटलं माझी थट्टा करतोय. "तू सांगतोस? तू?"

"याचा बापूस नाय," तुकाराम म्हणाला. "आयस नाय, भाव नाय. हा कमरेला लागत व्हता असा सांगनारा कोनीच नाय."

तो माणूस आपणहून खुर्चीत जाऊन बसला. मी त्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला, आणि गाठ मारताना माझी बोटं लटपटायला लागली. ते त्याने आरशात पाहिलं.

"शेट, तुमी भ्यालाव का?"

"हो," मी म्हटलं. "तूही भी. ठिपका खाजला तर मला खरं सांगण्याइतका भी, तरच लावतो."